पारव्याशी होमर मादीचा जोडा जमला, तर अंडी ठेवावीत का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरात गंगावेशीत घराच्या गच्चीवर होमरची, म्हणजे लांबून सोडलं तरी घरी परतणाऱ्या शर्यतीच्या कबुतरांची, लहानशी ढाबळ आहे. काही आठवड्यांपासून एक निळा पारवा दाण्याच्या वेळी उतरू लागला, मग आत येऊन बसू लागला आणि आता एका चेकर, म्हणजे पंखावर ठिपके असलेल्या, मादीशी त्याचा जोडा जमला आहे. मादीनं अंडी घातली आहेत. पारवा आणि होमर ही एकच जात का? रानटी रक्तामुळं पिल्लं काटक निघतील का? अंडी ठेवायची की काढायची?

आधी थेट उत्तर देतो. जीवशास्त्राच्या हिशेबानं जात एकच आहे. पिल्लं निकोप निघतील, उडतील, घरीही परततील. तरीही शर्यतीसाठी ती ठेवू नका. अंड्यांच्या जागी खोटी अंडी ठेवा आणि त्या पारव्याला ढाबळीबाहेर काढा. असं का म्हणतो ते सांगायला जरा मागं जावं लागेल, कारण हा प्रश्न एका जोड्यापुरता नाही, आपल्या सगळ्या छंदाच्या मुळाचा आहे.

लक्का, लोटन, गिरेबाज, होमर अशी माणसानं पाळलेली जेवढी कबुतरं आहेत ती सगळी कड्याकपारीतल्या पारव्यापासून आली. शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया. हे पटवून देण्यासाठी चार्ल्स डार्विननं स्वतः कबुतरं पाळली आणि लंडनमधल्या दोन कबुतर क्लबांचं सभासदत्व घेतलं. पांढरे लक्के आणि बार्ब नावाच्या जातीची काळी कबुतरं यांचा त्यानं संकर केला. त्या संकरित पिल्लांचे पुढं आपसात जोडे लावले, तेव्हा एक सुंदर निळं कबुतर निघालं: पंखावर दोन काळे पट्टे, शेपटीला काळी किनार, शेपटीच्या वरची पाठ पांढरी. आजी-आजोबांपैकी कुणीच निळं नव्हतं. १८५९ च्या आपल्या ग्रंथात त्यानं हे मांडलं. इतक्या पिढ्या माणसानं रंग बदलले, पण आत पारवा शाबूत होता. आपल्या ढाबळीतही वेगवेगळ्या रंगांचे जोडे लावताना मधेच एखादं स्वच्छ ब्लू बार, म्हणजे निळं आणि पंखावर दोन पट्ट्यांचं, पिल्लू निघतं, तेव्हा आपणही तेच बघत असतो. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या गटानं कबुतराची संपूर्ण जनुकमाला वाचून दाखवली, आणि पाळीव जातींचं मूळ हाच पक्षी असल्याचं त्यातूनही दिसलं.

आता तुमच्या चेकर मादीकडं बघू. तिच्या पंखावरचे ठिपके मूळ पारव्याचे नाहीतच. पट्टा, चेकर आणि बिनपट्ट्याचा पंख हे सगळं एकाच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांतून ठरतं. २०१८ साली त्याच विद्यापीठातून आलेल्या अभ्यासात असं दिसलं, की चेकरचं रूप आफ्रिकेतल्या ठिपकेदार कबुतराकडून, म्हणजे कोलंबा गिनिया या वेगळ्या जातीकडून, संकरातून पाळीव कबुतरांत आलं. शर्यतीत आपण ज्या चेकरवर इतका जीव टाकतो, त्याच्या पंखावर आफ्रिकेचा वारसा आहे. त्याच अभ्यासातून बिनपट्ट्याच्या कबुतरांत दृष्टिदोषाचं प्रमाण जास्त का, याचाही उलगडा झाला. जुने शौकीन बिनपट्ट्याला नाकं मुरडायचे ते उगीच नव्हे.

यातून कोल्हापुरात एक गोष्ट लगेच तपासता येते. अंबाबाईच्या देवळावर, भवानी मंडपाच्या आसपास किंवा रंकाळ्यावर दाणे टिपणारा थवा नीट बघा. निळ्या पट्ट्यांबरोबर चेकर, जवळजवळ काळे, तांबूस, पांढऱ्या पिसांचे असे कितीतरी दिसतील. तो थवा आपण ‘जंगली’ म्हणतो, पण त्यात पाळीव रक्त भरपूर मिसळलं आहे. कुणाच्या तरी ढाबळीतून सुटलेली, शर्यतीत वाट चुकलेली, छंद सोडताना मोकळी केलेली कबुतरं पिढ्यान्‌पिढ्या तिथं मिसळत आली. मग पन्हाळ्याला जा. तटाखालच्या उभ्या कड्यात बसणारे पारवे बघा, किंवा गगनबावड्याकडच्या घाटातले. माझ्या पाहण्यात तिथं जवळपास सगळे एकसारखे असतात: राखी-निळे, दोन पट्टे, मानेवर हिरवी-जांभळी झाक, अंगानं सडपातळ. गावातल्या थव्यात आणि कड्यावरच्या थव्यात एवढा फरक का, याचं उत्तर आपल्यासारख्यांच्या ढाबळींत आहे.

तुमचा पाहुणा यातला कोणता, हे ओळखायचं असेल तर संध्याकाळी हातात धरून चार गोष्टी बघा. पहिली म्हणजे शेपटीच्या वरची पाठ. युरोपातल्या पारव्याची ती जागा पांढरीशुभ्र असते आणि आपले होमर युरोपातून आलेले असल्यानं बहुतेक ब्लू बार होमरचीही पांढरी किंवा पांढुरकी असते. आपला भारतीय पारवा ही वेगळी उपजात आहे, इंटरमीडिया नावाची. तिची पाठ तिथं राखीच असते. डार्विननंही हा फरक नोंदवला होता. पाठ पांढरी निघाली तर कुठं तरी युरोपी रक्त आहे, असं मी धरतो. दुसरी, चोच. पारव्याची बारीक आणि सरळ, मुळाशी असलेली फुगीर कातडी अगदी लहान. होमर नराची ती दोन वर्षांनंतर चांगली भरते आणि पांढरी दिसते. तिसरी, वजन. पारवा साधारण तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो, होमर नर चारशेच्या पुढं. हातात घेतल्यावर छातीच्या भरावातच ते कळतं. चौथी, डोळा. पारव्याचा नारिंगी-लाल, होमरमध्ये मोतिया, पिवळा, किती तरी छटा. आणि पायात रिंग आहे का ते तर आधीच बघितलं असेल.

पांढऱ्या पाठीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून ठेवतो, मला ती फार आवडते. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी बहिरी ससाण्याचे कबुतरांवरचे हल्ले वर्षानुवर्षं पाहिले आणि २००५ साली ते ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलं. पांढऱ्या पाठीची कबुतरं ससाण्याच्या तावडीतून जास्त वेळा सुटत होती. ससाणा वरून सूर मारतो, कबुतर ऐन वेळी कलंडून बाजूला होतं, आणि पाठीवरचा पांढरा चमकारा बघून शिकाऱ्याचा अंदाज चुकतो, असा त्यांचा तर्क. त्यांनी पांढऱ्या पाठीच्या आणि निळ्या पाठीच्या कबुतरांची तिथली पिसं अदलाबदल केली, तर जगण्याची शक्यताही अदलाबदल झाली. आपल्या सह्याद्रीत शाहीन ससाणा आहे आणि पारवा त्याचं नेहमीचं भक्ष्य आहे, तरीही आपल्या पारव्याची पाठ राखी. यामागं काय असावं, याचा विचार मी पन्हाळ्यावर उभा राहून पुष्कळदा केला आहे.

आता मुख्य मुद्दा, घरी परतण्याचा. पुष्कळांना वाटतं, घर ओळखायची ताकद होमरमध्ये माणसानं घातली. तसं नाही. ती पारव्याची मूळ गरज आहे. पारवा घरटं करतो कड्यात, जुन्या दगडी विहिरीच्या देवळीत, किल्ल्याच्या भिंतीत. दाणा असतो काही किलोमीटर लांब, जोंधळ्याच्या किंवा भुईमुगाच्या रानात. रोज जायचं आणि नेमक्या आपल्याच कपारीत परतायचं, कारण तिथं पिल्लं आहेत आणि नर-मादी दोघंही गळ्यातलं दूध पाजून ती वाढवतात. ज्याला घर सापडत नाही त्याची पिल्लं मरतात. ही चाळणी माणूस यायच्या कितीतरी आधीपासून लागलेली आहे.

बेल्जियमच्या शौकिनांनी एकोणिसाव्या शतकात या काही किलोमीटरचे काही शे किलोमीटर केले. स्मर्ल, क्युम्युलेट, ड्रॅगून, इंग्लिश कॅरियर अशा पाळीव जातींचं रक्त एकत्र आणून होमर घडला. त्यात वेग, दम, अंगबांधा आणि दिशा यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. निवडीचा नियम कठोर होता. लांबून सोडलेलं जे परतलं नाही, ते वंशातून आपोआप गेलं. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला तेव्हा कबुतरांनी शहरात निरोप आणले. आपल्याकडं ओडिशा पोलिसांनी १९४६ साली कोरापुटला बेल्जियन होमरची टपाल सेवा सुरू केली आणि १९९९ च्या महाचक्रीवादळात तारा तुटल्यावर याच कबुतरांनी संदेश नेले. २०२० साली न्यू किम नावाची बेल्जियन मादी लिलावात १६ लाख युरोंना गेली. एवढी किंमत पिसांची नसते, पाठीमागच्या पिढ्यांची असते.

निवडीनं होमरच्या डोक्यातही फरक पडला आहे. जर्मन संशोधकांनी मेंदू मोजले तेव्हा इतर पाळीव जातींपेक्षा होमरचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे जागा लक्षात ठेवणारा भाग, मोठा निघाला. तिथल्याच २००८ च्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. एकाच ढाबळीतल्या होमरपैकी जे उडवले आणि शर्यतीत घातले त्यांचा हा भाग आतच कोंडून ठेवलेल्या सोबत्यांपेक्षा मोठा होता. म्हणून मी नव्या पोरांना सांगतो, महागडी जोडी आणून जाळीत ठेवू नका. टॉस द्या, म्हणजे सरावासाठी लांब नेऊन सोडा. किणी टोलनाका, पेठ नाका, कऱ्हाड, सातारा असं अंतर वाढवत न्या. पुण्याहून कोल्हापूरचं हवाई अंतर साधारण २०० किलोमीटर आहे. मिनिटाला १,२०० मीटरचा वेग पकडला तर पावणेतीन तासांच्या आसपास पक्षी ढाबळीवर हवा.

ते दिशा कशी धरतात हे वाचण्यासारखं आहे. सूर्य त्यांचा होकायंत्र आहे. प्रकाशाच्या वेळा बदलून शरीरातलं घड्याळ सहा तास सरकवलं तर कबुतर जवळपास काटकोनात चुकतं. ढगाळ दिवशी चुंबकीय जाण कामी येते. कॉर्नेल विद्यापीठाच्या विल्यम कीटननं १९७१ साली कबुतरांच्या पाठीवर चुंबक बांधून दाखवलं, की उन्हात त्यांचं काही बिघडत नाही, पण आभाळ भरलं की ती गोंधळतात. इटलीत फ्लोरियानो पापी हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दिशा धरण्यातला वासाचा वाटा उलगडला. घराजवळ आल्यावर तर ती रस्ते धरतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कबुतरांच्या पाठीवर जीपीएस बसवून हे टिपलं. आपल्या पक्ष्यांना पुणे-बेंगळुरू महामार्ग आणि पंचगंगेचं पात्र या दोन खुणा मिळतात, असं मला उत्तरेच्या शर्यती बघताना वाटत आलं आहे. पावसाळ्यात मात्र सगळंच अवघड. घाटाकडून ढग खाली येतात तेव्हा पश्चिमेला टॉस देऊ नका, एवढंच सांगतो.

मग पारव्याचं रक्त घातलं तर काय होईल? पहिल्या पिढीतली पिल्लं अंगानं निकोप आणि चपळ निघतात, त्यात शंका नाही. म्हणूनच लोक फसतात. गच्चीभोवती ती सुरेख फिरतात, शिकरा या शिकारी पक्ष्याला चटकन ओळखतात, मिळेल ते दाणे खाऊन टिकतात. पारव्याची निवड याच गुणांसाठी झालेली आहे. पण त्याला कधीच सलग चार-पाच तास पंख मारत यायचं नव्हतं. होमरच्या मादीकडून आलेला दम अर्धाच उरतो आणि पुढच्या पिढीत कुठल्या पिल्लात काय उतरेल याचा भरवसा राहत नाही. शर्यतीच्या खोंडाची आई आपण कधी मोकाट वळूला दाखवतो का?

त्याहून मोठी अडचण स्वभावाची, आणि ती ढाबळीत राहिलेल्यालाच कळते. पारव्याचं पिल्लू माणसाला बिचकतं. शर्यतीला नेताना बास्केटमध्ये गर्दीत पाणी पीत नाही, रात्रभर धडपडतं, आणि सकाळी सोडायच्या आधीच दमलेलं असतं. लांबून वेळेत आलं तरी थेट आत शिरत नाही. समोरच्या छपरावर बसून मान वळवत राहतं. शर्यत ढाबळीवर पोचल्यावर संपत नाही, पक्षी आत येऊन वेळ नोंदला गेल्यावर संपते. आपण खाली डबा वाजवत, शिट्टी घालत उभे, आणि शेजारच्या गल्लीतला पक्षी आत जाऊन नंबर घेऊन जातो. बिचकणं हा पारव्याचा दोष नाही. कड्यावर त्याच गुणानं त्याचा जीव वाचतो. फक्त तो गुण आपल्या कामाचा नाही.

रोगाचं सांगतो, कारण अंड्यांपेक्षा हे जास्त तातडीचं आहे. गावातला पारवा सतरा ठिकाणी पाणी पितो. घशात पिवळट थर आणणारा कँकर, मान वाकडी करणारा पॅरामिक्झो, जंत, आतड्यातला कॉक्सिडिया हा परजीवी, सगळं तो आणू शकतो, आणि बऱ्याचदा स्वतः आजारी दिसत नाही. पिसांत चपटी कबुतरमाशी असते, तिच्यातून रक्तातला हिमोप्रोटिअस नावाचा परजीवी पसरतो. अशा ढाबळीतले पक्षी मरत नाहीत, पण लांबच्या शर्यतीत एकामागून एक मागं पडतात, आणि मालक रक्ताला नावं ठेवत बसतो. तो पारवा इतके दिवस तुमच्या पाणपात्रातून प्यायला आहे. मादीचा घसा उघडून बघा, सगळ्यांची विष्ठा पशुवैद्यांकडून तपासून घ्या, पॅरामिक्झोची लस राहिली असेल तर त्यांना विचारून वेळ ठरवा. स्वतःच्या मनानं औषधं पाण्यात टाकू नका. आणि साफसफाई करताना नाकातोंडावर मास्क असू द्या. विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसात गेल्यानं कायमचा श्वासाचा त्रास जडू शकतो, हे आपल्या छंदातल्या लोकांनी गांभीर्यानं घ्यायला हवं.

आतापर्यंत होमरच्या बाजूनं बोललो. पण पारव्याच्या बाजूनं बोलणारं आपल्यात कुणी नसतं, म्हणून थोडं त्याचंही. आपण रानटी रक्त आपल्या ढाबळीत येऊ नये म्हणून जपतो, उलट दिशेनं आपलं रक्त रानात किती जातं याचा विचार करत नाही. अमेरिकेतल्या शहरी थव्यांची जनुकं तपासली तेव्हा ती होमरशी जवळची निघाली, म्हणजे हरवलेले शर्यतीचे पक्षीच तिथं जाऊन स्थायिक झाले होते. स्कॉटलंडमध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाह्य हेब्रिडीज बेटांवर पाळीव रक्ताचा फारसा स्पर्श नसलेले पारवे सापडले, तर ऑर्कनी बेटांवर मिसळ बरीच पुढं गेलेली दिसली. जिथून सगळी कबुतरं आली तो मूळ पक्षीच असा हळूहळू विरघळतो आहे. पक्षी संख्येनं कमी होत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. पारवे तर सगळीकडं दिसतात की, असंच आपण म्हणतो.

आपल्याकडं पन्हाळा, विशाळगड, गगनबावड्याचे कडे अजून आहेत. तिथला राखी पाठीचा, दोन पट्ट्यांचा पारवा हे आपलं मूळ बियाणं आहे आणि ते जपायला आपल्याला फार काही करावंही लागत नाही. शर्यतीतून काढलेले पक्षी गडावर नेऊन सोडू नका. उद्घाटनाला, मिरवणुकीला पांढरी कबुतरं उडवायला कुणी मागितली तर देऊ नका. ढाबळीत वाढलेला पांढरा पक्षी उघड्यावर शिकऱ्याला पहिला सापडतो, आणि जगलाच तर रानातल्या थव्यात मिसळतो. कड्यातलं पिल्लू तर कधीच काढून आणू नका. तुमचा पाहुणा राखी पाठीचा अस्सल पारवा निघाला, तर त्याला परत जाऊ देणं हे मादीपेक्षा त्याच्याच भल्याचं आहे.

आता अंड्यांचं. दोन्ही अंडी काढा आणि त्यांच्या जागी लाकडाची किंवा प्लास्टिकची खोटी अंडी ठेवा. नुसती काढून घेतली तर मादी आठ-दहा दिवसांत पुन्हा घालेल आणि तिचं अंग झिजेल. खोट्या अंड्यांवर तिला सतरा-अठरा दिवस बसू द्या, कंटाळून ती स्वतः उठेल. नर दिवसा बसतो, तेव्हा पारव्याला लगेच काढलात तर दुपारी ती घरटं सोडून दाण्याला येईल. त्याची चिंता करू नका, आत काही नाही.

पिल्लं आधीच निघाली असतील तर ती मारू नका, वाढू द्या. फक्त सातव्या-आठव्या दिवशी त्यांच्या पायात शर्यतीची रिंग घालू नका. उद्या ती कुणाच्या हाती गेली तर रिंग बघून तो त्यांना होमर समजेल आणि पुढं जोडे लावेल. अशी मिश्र कबुतरं दुसऱ्यांची पिल्लं वाढवायला उत्तम. तुमच्या चांगल्या जोडीची अंडी त्यांच्याखाली सरकवता येतात, फक्त दोन्ही जोड्यांनी अंडी दोन-तीन दिवसांच्या फरकानं घातलेली हवीत, नाहीतर पालकांच्या गळ्यातलं दूध आणि पिल्लाचं वय जुळत नाही.

पारव्याला बाहेर काढल्यावर ट्रॅप (पक्षी आत येण्याची झडप) आणि जाळी दाण्याच्या वेळी बंद ठेवा, दाणा आतच द्या, गच्चीवर एकही दाणा सांडू देऊ नका. आठवडाभर तो येईल, मग कमी होईल. मादीला खोट्या अंड्यांवरून उठल्यानंतर किमान दोन आठवडे नरापासून वेगळी ठेवा, म्हणजे तिच्या पोटात आधीच्या नराचं बीज उरणार नाही. त्यानंतर नवा नर द्या, तोही घरट्याच्या नव्या खणात. जुना खण दिलात तर ती पारव्याचीच वाट बघत जाळीपाशी बसेल आणि नव्या नराला चोची मारेल.